उणे चौदाचा प्रॉम्प्टर

तिसऱ्या अंकाच्या तालमीत निलेश मेला, आणि मरताना नेमका कृष्णनाथकाकांच्या चष्म्यावर पडला.

तसा तो रोजच मरायचा. त्याचं काम सरदाराचं. पाठीत खंजीर बसायचा, मग हातपाय झाडत पानभर बोलायचं आणि कोसळायचं. पण योगेशला, म्हणजे दिग्दर्शकाला, ते कोसळणं पसंत पडत नव्हतं. "माणूस मरतोय, खाटेवर लवंडत नाहीये," असं तो आदल्या दिवशी सगळ्यांदेखत बोलला होता. निलेशने ते मनाला लावून घेतलं आणि त्या दिवशी असा पडला की देवळाच्या सभामंडपातली कबुतरं उडाली. काकांनी घाम पुसायला म्हणून चष्मा काढून क्षणभर जमिनीवर ठेवला होता. कडाड असा आवाज झाला.

"झकास," योगेश म्हणाला. "आवाजसुद्धा मस्त आला."

सरदार मात्र उठेना. "सर," तो पडल्या पडल्याच म्हणाला, "माझ्याखाली काय तरी मोडलां."

आता चष्मा मोडणं ही काही जगबुडी नव्हे, हे मलाही कळतं. पण हा चष्मा कृष्णनाथकाकांचा होता. दोन्ही डोळ्यांना उणे चौदा. आणि कृष्णनाथकाका पार्से गावातल्या ह्या देवळाच्या नाटकाचे प्रॉम्प्टर. वर्धापनदिनाला नाटक करायची रीत जुनी, आणि त्या नाटकात कोणीही काहीही पाठ करायचं नाही, ही रीत त्याहून पक्की. विंगेत वेताची खुर्ची टाकून, तिला गावात कदेल म्हणतात, काका वही घेऊन बसायचे. ते कुजबुजायचे आणि रंगमंचावरचा राजा, राणी, चोर जो कोणी असेल तो ते मोठ्याने म्हणायचा. काकांची कुजबुज अशी की नटाला पोचेल आणि पहिल्या रांगेला पोचणार नाही. त्यामुळे पाठ करण्याचा विषय निघालाच तर जुनी माणसं दुखावल्यासारखी बघायची. पाठ करायचं म्हणजे काकांवर भरवसा नाही असं झालं की.

डिचोलीच्या खाणीवर काकांनी आयुष्यभर ऑफिसात नोकरी केली, पण तिथे त्यांना कोणी फारसं ओळखत नव्हतं. खाण बंद पडली, नोकरी गेली, कदेल राहिली. गावात त्यांना जो मान होता तो त्या कदेलीचा, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून चष्म्याच्या काचा त्यांनी एकेक तुकडा वेचून फडक्यात गोळा केल्या.

"चष्म्याबिगर चलतला," ते म्हणाले. "माका जवळचां दिसता."

खोटं नव्हतं ते. उणे चौदावाल्याला नाकाच्या शेंड्याला टेकवलेली वस्तू अगदी लख्ख दिसते. काकांनी वही नाकाला लावली आणि वाचायला सुरुवात केली. एक एक अक्षर बरोबर वाचलं. फक्त ते सगळं वहीतच गेलं. ओठांना कागद चिकटलेला, त्यामुळे निलेशला नुसती भणभण ऐकू येत होती.

"काका, काय म्हणतास?"

काकांनी वही बाजूला केली. "म्हणतंय की, 'महाराज, ही तलवार...'" एवढं बोलून पुढचं बघायला वही पुन्हा नाकाला लावली, आणि तलवार तिथेच राहिली. एका वाक्याला तीनदा वही वर-खाली झाली तेव्हा योगेशने डोकं धरलं. तो हायस्कुलात मराठी शिकवायचा आणि रागावला की जास्तच शुद्ध बोलायचा. "उद्या सकाळी आपण सर्वजण डिचोलीला जात आहोत," तो म्हणाला. "नाटक पंधरवड्यावर आले आहे."

डिचोलीला का, तर काकांचा चष्मा कायम तिथल्याच दुकानात व्हायचा. नोकरी तिथे, म्हणून डोळे तिथे. सर्वजण का, तर ज्याच्या त्याच्या वाक्यांचा प्रश्न होता. सकाळी योगेशच्या गाडीत काका, निलेश आणि निलेशची बहीण कोमल असे बसले. कोमल नाटकात सरदाराची बायको होती, खरी बहीण असल्यामुळे दोघांनाही प्रेमाचे प्रसंग जमत नव्हते. शेवंतीकाकी, काकांची बायको, काजूच्या बिया उन्हात घालायच्या होत्या म्हणून मागे राहिल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "ल्हान फ्रेम घेवा. मोठी घेव नकात." हायवेला लागून धारगळ मागे पडेपर्यंत काकांसकट सगळे ते विसरले.

दुकान साईशचं. स्वभावाने इतका भिडस्त की गिऱ्हाइकाने चुकीचं काही मागितलं तरी आधी 'हो' म्हणायचा आणि मग हळूच 'पण'.

त्याने काकांसमोर फ्रेमांचा ट्रे ठेवला, एक फ्रेम चढवली आणि आरसा पुढे धरला. "कशी वाटते काका?"

जाड नंबरवाल्यांचं हे दुखणं बाकीच्यांना कळायचं नाही. नवी फ्रेम घालायची तर चष्मा काढायचा, आणि चष्मा काढला की आरशात कोण बसलंय ते दिसत नाही. आजवर काकांनी एकही फ्रेम स्वतः बघून घेतली नव्हती. लग्नाआधी आईने घेतल्या, नंतर शेवंतीने. ह्या वेळी ते उठले आणि आरशाला नाक लावलं.

"नाक दिसता," ते म्हणाले.

"आणि फ्रेम?"

"एका बाजूची कड दिसता. बरी आसा कड."

मग कोमलने डोकं चालवलं. मोबाइलवर फोटो काढला आणि मोबाइल काकांच्या नाकाला लावला. काका फोटो न्याहाळत राहिले. "हो कोण?" त्यांनी विचारलं. "आमच्या बापाशीसारखो दिसता."

"तुमीच काका," निलेश म्हणाला.

"मी एवढो म्हातारो झालंय?"

साईशने पटकन दुसरी फ्रेम काढली. पण काकांचं मन फोटोवरून उडालं होतं. "तुमीच ठरवा," ते म्हणाले, आणि तिथेच घात झाला.

योगेशला मोठी फ्रेम हवी होती. "वही खाली, रंगमंच वर. दोन्ही एका नजरेत यायला हवं. काच मोठी असेल तरच ते शक्य आहे." निलेशला चकचकीत नको होती, विंगेत दिवे पडले की डोळ्यांवर तिरीप येते म्हणून. कोमलला काकांनी जरा तरणं दिसावं असं वाटत होतं. तिघांचं मिळून एक काळी चौकोनी फ्रेम ठरली. ती घातल्यावर काकांचा चेहरा दोन खिडक्यांच्या मागे जाऊन बसला.

"चांगली आहे," साईश म्हणाला. "पण ह्या नंबराला एवढी मोठी घेतली तर काच कडेला जाड होणार. वजन येणार. लहान, गोलसर फ्रेम असली, बुबुळ तिच्या मधोमध आलं, तर..."

"नाटकाचा प्रश्न आहे," योगेश म्हणाला.

"हो," साईश म्हणाला. "पण..." आणि त्याने ऑर्डर लिहून घेतली. काच बाहेरून मागवावी लागणार होती, इतक्या नंबराची कोणी दुकानात ठेवत नाही.

तोवर तालमी थांबवून चालणार नव्हतं. कोमल म्हणाली, माझे प्रसंग सोडून बाकीचं मी सांगते. ती कदेलीवर बसली आणि वहीत दिसेल ते सांगायला लागली. काका काय सांगायचं आणि काय गाळायचं ते मनातच निवडायचे, हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"'सरदार कपाळावर हात मारून घेत,'" कोमल कुजबुजली.

"सरदार कपाळावर हात मारून घेत," निलेश छाती काढून गरजला.

"'दुःखाने येरझाऱ्या घालतो.'"

"दुःखाने येरझाऱ्या घालतो," निलेश म्हणाला, आणि उभाच राहिला.

योगेशने खरोखरच येरझाऱ्या घातल्या. काका कोपऱ्यात बसून ऐकत होते. हसू येत होतं त्यांना, आणि मनातून थोडं बरंही वाटत होतं. आपल्याशिवाय होत नाही म्हणजे होत नाही.

मग साईशचा फोन आला. फोनवरही आधी 'हो' म्हणूनच त्याने सुरुवात केली. पण, त्या चौकोनी फ्रेमला पुरेल एवढ्या व्यासाची काच ह्या नंबरात बनतच नाही असं कंपनीने कळवलं होतं. चार-पाच दिवस फुकट गेले होते. फ्रेम पुन्हा निवडायला या.

ह्या वेळी शेवंतीकाकी उठल्या. कोणाला बरोबर घेतलं नाही. काकांचा हात धरून बसने डिचोलीला नेलं, दुकानात स्टुलावर बसवलं आणि साईशला म्हणाल्या, "आरसो काढून ठेव. ते दिसतत कशे ह्यो प्रश्नच नाय. चष्मो बसता कसो ता बघूया."

एक लहान, तपकिरी, गोलसर फ्रेम त्यांनी स्वतः काकांच्या नाकावर चढवली. "आता मान खाली घाला. वही वाचतास तशी. आता वर बघा. पुन्हा खाली. आता कुजबुजा."

"काय कुजबुजू?"

"कायय. वरसाचे बारा म्हयने कुजबुजतास, आता सुचना नाय?"

काकांनी सरदाराचं मरतानाचं बोलणं म्हणायला घेतलं. पानभर होतं, पण येईल तेवढं म्हटलं. दुकानात आलेली दोन माणसं आपलं काम विसरून ऐकत उभी राहिली. दुसऱ्या ओळीला फ्रेम घसरली. काकींनी ती काढली, दुसरी घातली, सरदार पुन्हा पहिल्यापासून. ती कानामागे रुतली. तिसऱ्या फ्रेमला काकींनी त्यांना हसायला लावलं, शिंकायला लावलं, उठून वाकायला लावलं. ती जागची हलली नाही. काकींनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, अंगठ्याने नाकाच्या दांडीवर चाचपून बघितलं, आणि म्हणाल्या, "हीच."

"अगदी बरोबर घेतली काकी," साईश म्हणाला. त्या दिवशी त्याने 'पण' म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये काकांनी तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आयुष्यभर माझ्या तोंडार काय चढता ता तुयाच बघत इलंस. मी कधी तुका बरां म्हटलां नाय."

"आता म्हटलां नाय तुमी?"

"नाय. आता म्हणतंय. बरां केलंस गो."

काकी खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांना असलं काही ऐकायची सवय नव्हती.

काच मात्र नाटकाच्या दिवसापर्यंत येईल की नाही, हे साईशला सांगता येत नव्हतं. हे कळल्यावर योगेशने सभामंडपात सगळ्यांना उभं केलं आणि पार्सेच्या इतिहासात कोणी दिला नव्हता तो हुकूम दिला. "पाठ करा."

सुरुवातीला सगळ्यांच्या अंगावर काटा आला. निलेश तर म्हणाला, "सर, मी दहावीकसुद्धा पाठ केलंय नाय." पण चष्म्यावर तोच पडला होता, त्यामुळे त्याला तोंड नव्हतं. स्वतःच्या दुकानावर बसल्या बसल्या, गाडी धुताना, नारळ काढताना तो बडबडायला लागला. कोमल पोळ्या लाटताना भावावर प्रेम असल्याची वाक्यं म्हणायची, तेव्हा त्यांची आई घाबरून बघायची.

काका रोज तालमीला जाऊन कदेलीवर बसत होते. समोर धूसर रंगांचे ठिपके हलताना दिसायचे. पहिल्या दिवशी निलेश दर वाक्याला अडला. दुसऱ्या दिवशी कमी. मग एके दिवशी त्याने तिसरा अंक सुरुवातीपासून मरेपर्यंत न अडता म्हटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. घरी येऊन मात्र ताटावर नुसते बसले.

"जेवणास नाय?" काकींनी विचारलं.

"चष्म्याची काय घाई नाय आता," काका म्हणाले. "साईशाक सांग, सावकाश कर म्हणान. पोरांक पाठ झालां. मी विंगेत बसान काय करू?"

काकींना वाईट वाटलं, आणि राग पण आला. "म्हणजे पोरांनी चुकूक होयां, तेव्हा तुमका बरां वाटतला?"

"तसां नाय गो." काकांनी भात कालवला, आणि खरं ते सांगून टाकलं. "तसांच."

काकींनी त्यांच्या भातावर आणखी आमटी वाढली. पण दुसऱ्या दिवशी साईशला सकाळी एकदा आणि दुपारी एकदा फोन केला, आणि संध्याकाळी योगेशच्या घरी जाऊन आल्या.

वर्धापनदिनाच्या दुपारी साईशचा फोन आला की काच आली, बसवतोय. निलेश चेहऱ्याला रंग लावायला बसला होता. अर्धी मिशी चिकटवलेली, तसाच मोटारसायकलवर निघाला. डिचोलीच्या बाजारात लोक वळून बघत होते म्हणे. हल्ली रात्री दहाला भोंगे बंद करावे लागतात, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. निलेश परत पोचला तेव्हा तिसरी घंटा व्हायची बाकी होती.

काकींनी चष्मा काकांच्या नाकावर ठेवला. काकांनी डोळे मिचकावले. मग बायकोचं तोंड दिसलं, तिच्या केसांतली अबोली दिसली, देवळाच्या कळसावरचे दिवे वेगवेगळे दिसले. "दिसता," एवढंच ते म्हणाले, आणि वही छातीशी धरून विंगेकडे धावले.

विंगेत कदेल नव्हती.

त्यांना वाटलं दुसऱ्या बाजूला असेल. तिथेही नव्हती. मग पडद्याच्या फटीतून बघितलं तर कदेल रंगमंचावर मधोमध, तिच्यावर लाल मखमल टाकलेली. सरदाराचं सिंहासन झालं होतं तिचं.

"योगेश," काका मागे वळून म्हणाले, "मी खंय बसू?"

"पुढे, काका. पहिल्या रांगेत. काकींच्या शेजारी."

"पुढे बसता तो प्रॉम्प्टर नसता रे."

निलेश धापा टाकत दुसरी अर्धी मिशी चिकटवत होता. तो जवळ आला. "काका, तुमच्यामुळे आमचे बापूस नाटकां करून गेले, आमी करतो. पण तुमी कधी बघलंत खंय? काकी सांगत होती. तुमी आमच्या एका बाजूचो कान बघलास आणि वही. आज एकदा बघा आमी काय करतो ता. चुकलंय तर मागीर गाळी द्या."

काका काही म्हणणार होते. पण तिसरी घंटा झाली, आणि काकींनी त्यांचा हात धरून पुढे नेलं.

पडदा वर गेला तेव्हा काकांच्या तोंडून 'अरे' निघालं. राजवाड्याचा पडदा इतका निळा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. दिवे कसे रंग बदलतात ते माहीत नव्हतं. कोमल भावाच्या समोर उभी राहून 'स्वामी' म्हणाली आणि लाजली, आणि सगळा मंडप तिच्यावर खूश झाला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते वाक्य त्यांनी तालमीत कितीदा सांगितलं होतं, पण ते म्हणताना कोणी लाजतं हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या अंकात ते काकींच्या कानाशी लागले. "तू दर वरसाक ह्यां बघतंस?"

"दर वरसाक."

"माका कधी बोलंलंस नाय."

"तुमी विंगेत असतास. बोलंलंय तर तुमका वायट दिसला असता."

काकांनी बायकोचा हात हातात घेतला आणि चारचौघांत तसाच ठेवला. साईश, निलेश, योगेश, सगळ्यांबद्दल त्यांच्या मनात एकदम माया दाटून आली. पोरं किती चांगलं करतायत, आणि आपण ती चुकावीत म्हणून वाट बघत होतो, ह्याची त्यांना लाज वाटली, आणि नाटक चालू असल्यामुळे लाज वाटत बसायला वेळही नव्हता.

तिसरा अंक. सरदाराच्या पाठीत खंजीर बसला. निलेश कदेलीवरून उठला, दोन पावलं पुढे आला, छातीवर हात ठेवला, "ज्यांच्यासाठी मी..." म्हणाला, आणि थांबला.

मंडपात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. निलेशने विंगेकडे बघितलं. विंगेत योगेश होता, पण वही नव्हती. वही काकांच्या मांडीवर होती. योगेशने हात हलवून समोर दाखवलं. निलेशने मान वळवली आणि सरळ काकांकडे बघितलं. डोळे भरलेले, ओठ थरथरत, शब्द नाही. सगळी पहिली रांग काकांकडे बघायला लागली.

काकींनी कोपराने ढोसलं. "अहो, तो विसारलो. सांगा."

"गप रव," काका कुजबुजले. "तेका रडूक येता. बघ कसो बघता तो."

ही कुजबुज नेहमीची, नटाला पोचणारी. निलेशपर्यंत ती पोचली. काका काही सांगणार नाहीत हे त्याला कळलं आणि आता त्याला खरंच रडू आलं. तो नुसताच काकांकडे बघत राहिला आणि गालावरचा रंग ओघळायला लागला. मागच्या रांगांतून बायकांचं नाक ओढणं ऐकू आलं. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि सगळा मंडप वाजवायला लागला.

काकींनी वही उचलली होती. पान उघडलं होतं, वाक्य सापडलं होतं, सांगायला तोंडही उघडलं होतं. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्या जाड काचांमागे बारीक दिसणारे त्याचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्याने चष्मा काढला नव्हता.

काकींनी वही मिटून पिशवीत घातली.